मुस्कुलुस (शब्द)

मुस्कुलुस हा 'स्नायू' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'लहान उंदीर' असा होतो. इंग्लिश 'मसल', फ्रेंच 'म्युस्क्ल', जर्मन 'मुस्केल', इटालियन 'मुस्कोलो' आणि स्पॅनिश 'मुस्कुलो' हे शब्द यापासून आले आहेत. शरीरशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत आजही बहुतेक स्नायूंच्या अधिकृत नावांची सुरुवात याच शब्दाने होते. उदाहरणार्थ, दंडाच्या पुढील स्नायूचे नाव 'मुस्कुलुस बायसेप्स ब्रॅकिआय' असे आहे. उंदरावरून स्नायूला नाव देण्याची पद्धत लॅटिनपुरती मर्यादित नाही. ग्रीक, जर्मेनिक, स्लाव्हिक आणि आर्मेनियन भाषांतही ती आढळते.

व्युत्पत्ती

लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून 'मुस्कुलुस' हे रूप तयार झाले. 'मूस' हा शब्द आद्य इंडो-युरोपीय भाषेपासून चालत आलेला असून संस्कृत 'मूष्' व 'मूषक', ग्रीक 'म्यूस', रशियन 'मिश', जर्मन 'माउस' आणि इंग्लिश 'माउस' हे त्याचे सजातीय शब्द होत. कार्ल लिनेयसने १७५८ साली घरातील उंदराला 'मूस मुस्कुलुस' हे शास्त्रीय नाव दिले. त्यात मूळ शब्द आणि त्याचे लघुरूप शेजारी शेजारी आले आहेत.

उपमेमागील निरीक्षण

कोपरातून हात वाकवला असता दंडाचा स्नायू आखडतो. त्वचेखाली एक गोलसर उंचवटा तयार होतो आणि हात सरळ करताच तो नाहीसा होतो. कापडाखालून लहान प्राणी पळावा तशी ही हालचाल दिसते. स्नायूचा फुगीर मधला भाग आणि टोकाकडे निमुळता होत जाणारा कंडरा यांचा आकारही उंदराच्या अंगाशी व शेपटीशी जुळतो. लॅटिनमध्ये दंडाच्या स्नायूसाठी 'लाकेर्तुस' असाही एक शब्द होता आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सरडा किंवा पाल असा होता. स्पॅनिशमध्ये आजही 'लागार्तो' या शब्दाचे सरडा आणि दंडाचा स्नायू असे दोन अर्थ आहेत.

लॅटिनमधील इतर अर्थ

लॅटिनमध्ये 'मुस्कुलुस' या शब्दाला स्नायूखेरीज आणखी अर्थ होते. समुद्रातील एका शिंपल्याला हेच नाव होते. ग्रीक 'म्यूस' या शब्दालाही उंदीर, स्नायू आणि शिंपला असे तिन्ही अर्थ होते. लष्करी भाषेत तटबंदीपर्यंत सुरक्षितपणे पोहोचण्यासाठी बांधलेल्या छताच्या मांडवाला मुस्कुलुस म्हणत. इ.स.पू. ४९ मधील मस्सिलियाच्या (आजचे मार्सेल) वेढ्याचे वर्णन करताना जुलियस सीझरने अशा ६० फूट लांबीच्या मांडवाचा उल्लेख केला आहे.

रोमान्स भाषांतील रूपे

लॅटिनपासून निघालेल्या भाषांत हा शब्द दोन मार्गांनी आला. लोकांच्या बोलण्यातून पिढ्यान्‌पिढ्या झिजत आलेल्या रूपांचे अर्थ बरेच बदलले. स्पॅनिश 'मुस्लो' म्हणजे मांडी, कातालान 'मुस्क्ले' म्हणजे खांदा, तर फ्रेंच 'मूल' म्हणजे शिंपला. रोमानियन 'मुश्क' या शब्दाने मात्र स्नायू हा अर्थ टिकवून ठेवला. पुढे विद्वानांनी हाच शब्द ग्रंथांतील लॅटिनमधून पुन्हा उचलला. त्यामुळे स्पॅनिशमध्ये 'मुस्लो' आणि 'मुस्कुलो', फ्रेंचमध्ये 'मूल' आणि 'म्युस्क्ल' अशा एकाच मुळाच्या जोड्या तयार झाल्या. इटलीच्या लिगुरिया भागात 'मुस्कोली' म्हणजे आजही शिंपले.

जर्मेनिक भाषा

इंग्लिशमध्ये स्नायू आणि शिंपला या अर्थांच्या दोन शब्दांचा उच्चार सारखाच, 'मसल' असा होतो. त्यांचे लेखन वेगळे असले तरी मूळ एकच आहे. शिंपल्याचा शब्द प्राचीन इंग्लिशच्या काळातच लॅटिनमधून आला, तर स्नायूचा शब्द नंतर फ्रेंचमार्गे आला. त्याआधी इंग्लिशमध्ये 'मूस' या देशी शब्दालाच उंदीर आणि स्नायू असे दोन्ही अर्थ होते. जर्मनमध्ये 'मुशेल' (शिंपला) आणि 'मुस्केल' (स्नायू) ही अशीच जोडी आहे. डचमध्ये तळहाताच्या अंगठ्याखालील मांसल उंचवट्याला अद्याप 'मउस', म्हणजे उंदीर, म्हणतात.

स्लाव्हिक व इतर भाषा

सर्बियन व क्रोएशियन भाषांत 'मिश' म्हणजे उंदीर आणि 'मिशिच' म्हणजे स्नायू. रशियन 'मिश्त्सा' (स्नायू) हे 'मिश' (उंदीर) या शब्दाचे लघुरूप आहे, तर काखेला रशियनमध्ये 'पोदमिश्का' म्हणतात. आर्मेनियनमध्ये 'मुक' म्हणजे उंदीर आणि त्याच मुळातून आलेला 'म्कान' म्हणजे स्नायू. युरोपातील सर्वच भाषांनी ही उपमा स्वीकारलेली नाही. पोलिश 'म्येंशेन' आणि फिनिश 'लिहास' हे स्नायूवाचक शब्द त्या त्या भाषेतील मांस या अर्थाच्या शब्दापासून झाले आहेत.

वैद्यकीय परिभाषा

वैद्यकशास्त्रातील 'मायो-' हे पूर्वपद ग्रीक 'म्यूस' या शब्दापासून आले आहे. मायोकार्डियम (हृदयाचा स्नायुस्तर), मायोग्लोबिन, मायोसिन (ही दोन्ही स्नायूंतील प्रथिने) आणि मायोसायटिस (स्नायुदाह) ही त्याची उदाहरणे होत. दिसण्यात सारखे असलेले काही शब्द मात्र वेगळ्या मुळाचे आहेत. मायोपिया (लघुदृष्टी) हा शब्द डोळे मिटणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे, तर मायलिन हा शब्द मज्जा या अर्थाच्या शब्दापासून. याउलट मायोसोटिस या फुलझाडाच्या नावात खराच उंदीर आहे. त्याचा अर्थ 'उंदराचा कान' असा होतो.

वारसा की पुनर्निर्मिती

इतक्या सजातीय भाषांत एकच उपमा आढळत असल्यामुळे ती आद्य इंडो-युरोपीय भाषेतच रूढ असावी, असे मत मांडले जाते. दुसऱ्या मतानुसार प्रत्येक भाषेत ती स्वतंत्रपणे सुचली असावी. या मताला पुष्टी देणारी उदाहरणे आहेत. ग्रीकमध्ये उंदीर या अर्थाचा 'म्यूस' हा शब्द बोलीतून मागे पडला आणि त्याची जागा 'पोंडिकी' या शब्दाने घेतली. कालांतराने या नव्या शब्दालाही बोलीत दंडाचा स्नायू हा अर्थ प्राप्त झाला. फ्रेंचमध्ये उंदराला 'सुरी' म्हणतात. हा शब्द वेगळ्या मुळाचा असूनही मेंढीच्या तंगडीच्या खालच्या मांसल भागाला तेच नाव आहे. इंडो-युरोपीय कुळाशी संबंध नसलेल्या कँटोनीज चिनीतही दंडाच्या स्नायूला बोलीभाषेत 'लहान उंदीर' म्हणतात. म्हणजे प्राण्याचे जुने नाव लोपले तरी उपमा नव्या नावाने पुन्हा निर्माण होऊ शकते. सर्व उदाहरणांचा उलगडा केवळ वारशाने होत नाही.

संस्कृत व मराठी

संस्कृत 'मुष्क' (वृषण) हा शब्द 'मूष्' या शब्दाचे लघुरूप मानला जातो. तोच फारसीत 'मुश्क' (कस्तुरी) होऊन ग्रीक व लॅटिनमार्गे इंग्लिशमध्ये 'मस्क' या रूपात पोहोचला. स्नायूंसाठी मात्र भारतीय वैद्यकाने वेगळे शब्द वापरले. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी व ९०० स्नायू सांगितले आहेत. तेथे 'पेशी' म्हणजे मांसपेशी आणि 'स्नायू' म्हणजे सांधे बांधणारे तंतुमय बंध. आधुनिक मराठीत या दोन्ही शब्दांचे अर्थ सरकले असून 'स्नायू' हा मांसपेशीसाठी, तर 'पेशी' हा सजीवांच्या मूलभूत घटकासाठी रूढ झाला आहे.

बोली मराठीत हात आवळल्यावर दंडावर उठणाऱ्या उंचवट्याला 'बेडकुळी' किंवा 'बेटकुळी' म्हणतात. या शब्दाचा संबंध बेडकाशी आहे. युरोपीय भाषांना त्वचेखाली उंदीर दिसला, तर मराठीने त्याच हालचालीत बेडूक पाहिला.