पांडाचें कातडें व पांडाचें खेळणें

इ. स. १८६९ च्या मार्च महिन्यांत आर्मां दाविद नांवाचा फ्रेंच धर्मोपदेशक चीनच्या सेचुआन प्रांतांत एका जमीनदाराच्या घरीं गेला असतां, काळ्यापांढऱ्या रंगाचें एक कातडें त्याच्या दृष्टीस पडलें. त्या डोंगरांतील लोकांना हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या परिचित होता. नवल वाटलें तें पाहुण्याला. थोड्याच दिवसांत शिकाऱ्यांनीं त्याला एक पिल्लूं आणून दिलें. तें जिवंतच सांपडलें होतें. पण वाहून आणण्यास सोयीचें म्हणून वाटेंत मारलें. युरोपशीं पांडाची ओळख झाली ती अशी.

दाविदनें त्याला अस्वल म्हटलें. पुढच्याच वर्षीं पॅरिसमध्यें मिल्न-एद्वार यांनीं हाडें व दांत तपासून त्याचें नातें हिमालयांतील तांबड्या पांडाशीं जोडलें. वस्तुतः 'पांडा' हें नांव त्या लहानशा तांबूस प्राण्याचें. फ्रेदरिक क्युव्हिए यांनीं १८२५ सालींच त्याचें वर्णन केलें होतें, आणि सिक्कीम-दार्जिलिंगच्या अरण्यांत तो आजहि आढळतो. थोरल्यानें नांव नेलें, धाकटा मागें पडला. दाविदचेंच म्हणणें खरें, हें ठरण्यास मात्र १९८५ सालचें आनुवंशिक संशोधन यावें लागलें.

हें अस्वल मांसाहाऱ्याचीं आंतडीं घेऊन बांबूवर जगतें. खाल्लेल्यापैकीं फार थोडें अंगीं लागतें. म्हणून दिवसाचे बारा-चौदा तास त्याचें तोंड चालूच असतें. मनगटाचें एक हाड वाढून त्याला जणूं सहावें बोट फुटलें आहे. त्याच्या आधारानें तें बांबूचा दांडा धरतें. बांबूला फुलोरा आला कीं बनेंच्या बनें एकदम वठतात. पूर्वीं अशा वेळीं पांडा शेजारच्या डोंगराकडे निघून जाई. पुढें मध्यें शेतें व गांवें वसलीं, आणि ती वाट अडली.

१९०२ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचें नाकारलें, व त्यावरून 'टेडी' हें खेळण्यांतील अस्वल जन्मास आलें. त्यांच्याच दोघां पुत्रांनीं १९२९ सालीं एका पांडावर मिळून गोळ्या झाडल्या, आणि त्याचें कातडें शिकागोच्या संग्रहालयांत गेलें. बापाचा संयम मुलांनीं पाळला नाहीं, एवढेंच म्हणावयाचें!

त्यानंतर कातड्याची हौस सरून जिवंत पांडाची हौस आली. न्यूयॉर्कची रूथ हार्कनेस ही पोषाखांची रचनाकार. तिचा पति पांडाच्या शोधांत चीनला गेला तो १९३६ सालीं शांघायमध्यें वारला. ही विधवा स्वतः त्या वाटेनें निघाली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत क्वेंटिन यंग या तरुणाच्या साहाय्यानें झाडाच्या ढोलींत तिला एक पिल्लूं मिळालें. बाटलीनें दूध पाजून तिनें तें अमेरिकेस नेलें. 'सू-लिन' म्हणून तें घरोघर प्रसिद्ध झालें. पुढें शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयानें घेतलें, आणि १९३८ सालीं मेलें. सगळे त्याला मादी समजत होते. मेल्यावर तो नर निघाला. ज्याच्यावर एवढा जीव जडला, त्याच्याविषयींचें ज्ञान इतकेंच होतें!

मग मागणी वाढली. १९३८ च्या अखेरीस लंडनला 'मिंग' आली, तिचीं चित्रें व खेळणीं झालीं, युद्धकाळांत ती मुलांची आवडती होऊन राहिली आणि १९४४ सालीं मेली. एकेका पिल्लासाठीं डोंगर धुंडाळले जात. हार्कनेसबाईंनीं मात्र १९३८ मध्यें हातीं आलेलें एक पिल्लूं परत अरण्यांत नेऊन सोडलें. त्या काळच्या या सगळ्या धांवपळींत शहाणपणाची गोष्ट हीच.

पुढें १९६१ सालीं जागतिक वन्यजीव निधीनें पांडाचें चित्र आपलें बोधचिन्ह केलें, आणि १९६३ मध्यें चीननें वोलाँग येथें अभयारण्य स्थापन केलें. २०१५ सालीं जाहीर झालेल्या गणनेंत रानांत १८६४ पांडा आढळले. परंतु ते एकमेकांपासून तुटलेल्या ३३ टोळ्यांत विखुरलेले होते. त्यांच्यामधल्या खिंडींतून व रस्त्यांच्या कडेनें आतां पुन्हा बांबू लावण्याचें काम चाललें आहे.