आमेर ते दख्खन : अंतर आणि अवधी

जयपूरचा सांगानेर विमानतळ आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ यांच्यामधील सरळ आकाशमार्ग सुमारे ९३५ किलोमीटरांचा आहे. थेट जाणारे विमान तो दोन तासांच्या आतबाहेर तोडते. परमुलुखी नोकरी करणाऱ्या आम्हां लोकांस रजेचा हिशेब मांडताना हे आकडे फार दिलासा देतात. परंतु आमेरच्या तटावरून दक्षिणेकडे पाहिले म्हणजे याच अंतराने एके काळी केवढा इतिहास घडविला, हे ध्यानी येते.

जयपूर वसले १७२७ साली. त्यापूर्वी कछवाहांची राजधानी आमेर येथे होती. इथला शीशमहाल बांधविणारे मिर्झाराजे जयसिंह औरंगजेबाच्या आज्ञेने दक्षिणेत उतरले आणि जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. पुढे मिर्झाराजांनी सुरक्षिततेचे वचन दिले, तेव्हा महाराज बादशहाच्या भेटीस निघाले. ५ मार्च १६६६ रोजी त्यांनी राजगड सोडला. आग्र्याच्या वेशीशी ते पोहोचले ११ मे रोजी. सरळ रेषेत जेमतेम अकराशे किलोमीटरांच्या या प्रवासास मुक्कामांसह सदुसष्ट दिवस लागले.

१२ मे रोजी दरबारात महाराजांचा अवमान झाला आणि लवकरच त्यांच्या निवासाभोवती चौक्यापहारे बसले. वचन देणारे मिर्झाराजे दक्षिणेत. ते पाळण्याचा भार मात्र आग्र्यात असलेल्या त्यांच्या पुत्रावर, रामसिंहांवर, पडला. रामसिंहांनी महाराजांकरिता स्वतः जामीनपत्र लिहून दिले. तुम्ही शिवाजीस नेमकी कोणती वचने दिली, अशी विचारणा बादशहाने मिर्झाराजांकडे केली. प्रश्न नर्मदा ओलांडून दक्षिणेत जावयाचा आणि उत्तर त्याच वाटेने परत यावयाचे! तोवर अखेरचा निर्णय लांबणीवर पडला. या सवडीत महाराजांनी आपली बहुतेक माणसे परत धाडली, पहारेकऱ्यांना गाफील केले आणि १७ ऑगस्ट रोजी ते निसटले. दरबारापासून तो सत्त्याण्णवावा दिवस होता. सुटका झाली ती महाराजांच्या बुद्धीने व धैर्याने, यात संशय नाही. परंतु त्या बुद्धीस अवधी मिळाला तो अंतरामुळे, असे आम्हांस वाटते.

या अंतराचे दुसरेही एक ऋण आपल्यावर आहे. रामसिंहांच्या पदरी आग्र्यात असलेला परकालदास हा आमेरचा दिवाण कल्याणदास यास राजस्थानी भाषेत पत्रे लिहून घडलेली हकीकत कळवीत असे. जयपूरच्या दप्तरात ही पत्रे सापडली आणि महाराजांच्या आग्र्यातील वास्तव्याचे समकालीन चित्र उजेडात आले. कल्याणदास आग्र्यातच असता, तर हे वर्तमान तोंडी सांगून संपले असते. कागदावर उतरलेच नसते.

ज्यांच्या शब्दावर हे सारे घडले, त्या मिर्झाराजांना मात्र अंतराने काहीच दिले नाही. रामसिंहांवर बादशहाची गैरमर्जी झाली आणि पिता त्या वेळी शेकडो कोस दूर होता. मिर्झाराजांना दक्षिणेतून माघारी बोलाविले गेले. पण २८ ऑगस्ट १६६७ रोजी बुऱ्हाणपुरास त्यांचे देहावसान झाले. तापीकाठी त्यांची छत्री आजही उभी आहे. दूरच्या कामगिरीवर गेलेला आमेरचा हा धनी आपल्या शीशमहालात पुन्हा परतला नाही.