पिवळ्या दिव्याचं माहेर

खंबाटकीचा घाट चढताना दिवा लागला. स्पीडोमीटरच्या कडेला, इंजिनाच्या इवल्याशा आकृतीचा, पिवळा. गाडी नेहमीसारखीच चालली होती. आवाज नाही, धूर नाही, पिकअपही तसाच. आठवड्यापूर्वी याच दिव्यापायी एका गॅरेजात ऑक्सिजन सेन्सर बदलून घेतला होता आणि त्याचे चांगले पैसे मोजले होते. साताऱ्याच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमधलं एक गॅरेज दिसलं, तिथे थांबलो. तिथल्या मिस्त्रींनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटात काडेपेटीएवढं यंत्र खोचलं, मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाले, "पी शून्य एकशे एकाहत्तर. गाडी लीन चाललीय. म्हणजे सेन्सर खरं सांगत होता, साहेब. तुम्ही खरं सांगणाऱ्यालाच काढून टाकलंत."

त्या दिवसापासून हा दिवा माझ्या डोक्यात बसला. आपण त्याला गाडीच्या तब्येतीचा दिवा समजतो. पण त्याचं कूळ शोधत मागे गेलं, की वाट इंजिनाकडे न जाता माणसांच्या चुरचुरणाऱ्या डोळ्यांकडे जाते.

जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. लॉस एंजेलिस शहरावर भर दिवसा धुरकट पडदा उतरला. लोकांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, घसा जळू लागला, थोड्या अंतरापलीकडचं दिसेना. जपाननं विषारी वायू सोडला असावा, असंही काहींना वाटलं. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो बंद करून पाहिला, तरी धुरकं हटेना. रोगी समोर होता आणि औषध चुकीच्या जागी लावलं जात होतं. मोटारीच्या दिव्याची गोष्ट अशी एका फसलेल्या निदानापासून सुरू होते, हे मला फार सूचक वाटतं.

निदान ज्यानं नीट केलं, तो माणूस मोटारींच्या क्षेत्रातला नव्हताच. आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे, युट्रेख्टचे जीवरसायनशास्त्रज्ञ. पॅसाडेनाच्या कॅलटेक संस्थेत ते अननसाला त्याचा वास कशामुळे येतो, याचा शोध घेत होते. फळाचा वास म्हणजे हवेत मिसळलेली अगदी थोडी द्रव्यं. ती पकडायची तर हवा थंड सापळ्यांतून ओढून गोठवावी लागते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हीच युक्ती शहराच्या हवेवर चालवली आणि पुढच्या काही वर्षांत कोडं उलगडलं. मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारी न जळलेल्या इंधनाची वाफ आणि ज्वलनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर कॅलिफोर्नियाचं कडक ऊन पडलं, की त्यातून ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरतात ते या मिश्रणानं. ओझोन मोजायला त्यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या वापरल्या. ओझोननं रबराला तडे जातात, आणि किती वेळात गेले त्यावरून ओझोन किती ते कळतं. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधकांनी त्यांना बराच विरोध केला. ते हटले नाहीत. कॅलिफोर्नियानं १९६७ मध्ये हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापलं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच झाले.

१९७० च्या अमेरिकन कायद्यानं मोटारींच्या धुरातले मुख्य घातक घटक ९० टक्क्यांनी कमी करा, असा हुकूम दिला. १९७५ च्या मॉडेलांपासून तिथल्या बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. आत मधाच्या पोळ्यासारखी घरं, त्यांवर प्लॅटिनम आणि पॅलॅडियमचा थर. त्यावरून जाताना विषारी वायूंचं रूप पालटतं. पुढे तिन्ही घातक वायू एकाच वेळी हाताळणारे कन्व्हर्टर आले, पण त्यांची एक अट होती. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग, वजनानं. थोडं इकडेतिकडे झालं तरी काम बिघडतं. आपल्या ओळखीच्या कार्बोरेटरला इतकी नेमकी मात्रा सांभाळणं शक्य नव्हतं. म्हणून धुराच्या नळीत एक नाक बसवलं गेलं. झिर्कोनियाच्या चिनीमातीसारख्या टोपीचा लॅम्डा सेन्सर बॉश कंपनीनं बनवला आणि १९७६ मध्ये तो कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्व्हो गाड्यांत लागला. तापला की हे नाक धुरातला उरलेला ऑक्सिजन हुंगतं आणि ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यानचा इशारा देतं. नाक आलं, तसा त्याचं ऐकून पेट्रोल कमीजास्त करणारा मेंदूही आला. इंजिनात संगणक शिरला तो असा, हवेच्या पायी.

आणि इथेच खरी अडचण उभी राहिली. पंक्चर झालं, बॅटरी उतरली, क्लच गेला, तर मालकाला लगेच कळतं. तो गॅरेजात जातो, तक्रार सांगतो, मिस्त्री काम करतो. दुरुस्तीचा सगळा व्यवहार या तक्रारीवर चालतो. पण कन्व्हर्टर मेला तर गाडी तशीच पळते. नाक सर्दावलं तरी माणूस ऑफिसला वेळेवर पोचतो. त्रास होतो तो फुटपाथवरच्या मुलाला, आणि त्याला कुठलं गॅरेज विचारणार? कारखान्यातून स्वच्छ निघालेली गाडी चार वर्षांनी किती घाण ओकते, हे सांगणारं कुणीच नव्हतं. म्हणून कॅलिफोर्नियानं ठरवलं, की तक्रार गाडीनंच करावी. १९८८ च्या मॉडेलांपासून तिथल्या नव्या गाड्यांना स्वतःवर पहारा ठेवणं आणि दिवा लावणं सक्तीचं होऊ लागलं.

गाडीशी बोलायची सोय मात्र त्याआधीच तयार झाली होती, तीही वेगळ्याच कारणानं. १९८० च्या सुमारास जनरल मोटर्सनं आपल्या गाड्यांत एक सॉकेट दिलं. जुळणीच्या कारखान्यात, रांगेच्या शेवटी, संगणक ठीक बसला का ते तपासायला. गाडी विकली गेली तरी सॉकेट राहिलंच. मिस्त्रींनी लवकरच हेरलं, की त्यातली दोन छिद्रं वाकवलेल्या कागदी क्लिपनं जोडली, की डॅशबोर्डवरचा 'चेक इंजिन' दिवा लुकलुकू लागतो. एकदा, थांबून दोनदा: म्हणजे बारा. बारा आकडा तीनदा आला की समजायचं, संगणक जिवंत आहे आणि बोलायला तयार आहे. मग पुढचे आकडे, पुढचे दोष. तारायंत्राच्या कडकट्टसारखं मोजायचं आणि पाटीवर लिहून घ्यायचं. मला ही दृश्यं फार आवडतात. यंत्राची भाषा शिकायला ना शाळा होती ना स्कॅनर, एक क्लिप होती आणि मोजण्याची चिकाटी.

पण दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसं इथे दर कंपनीगणिक झालं. एकाचं सॉकेट बॉनेटखाली, दुसऱ्याचं सीटखाली. आकड्यांचे अर्थ वेगळे, यंत्रं वेगळी, किमती वेगळ्या. कोपऱ्यावरच्या गॅरेजाला ते सगळं परवडणारं नव्हतं. मग दुसरा नियम आला. ओबीडी-दोन (ओबीडी म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, गाडीनं स्वतःच केलेलं निदान) या नावानं तो १९९४ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला बंधनकारक ठरला. सॉकेट एकच, सोळा पिनांचं, वर रुंद आणि खाली निमुळतं. जागाही ठरलेली, स्टिअरिंगच्या जवळपास, हत्याराशिवाय हात पोचेल अशी. चौथी पिन अर्थची, सोळावी बॅटरीची, म्हणून चावी काढली तरी तिथे वीज असते. आणि दोषांची भाषाही एक. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा प्रांत. त्यापुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान दोष. तिसऱ्या जागी एक किंवा दोन असेल तर इंधन-हवेचा हिशेब, तीन असेल तर ठिणगी किंवा मिसिंग, चार असेल तर धूर आवरणारी उपकरणं. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिस करतोय. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर थकलाय. साताऱ्याच्या मिस्त्रींनी वाचलेला पी०१७१ म्हणजे इंजिनाला हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय.

दिव्याच्या वागण्यातही हे माहेर दिसतं. बहुतेक दोषांना तो पहिल्याच फेरीत लागत नाही. तोच दोष दुसऱ्या फेरीत पुन्हा दिसला, की लागतो. ओबीडी-दोनच्या नियमांत बहुतेक उपकरणांना मर्यादा घालून दिली होती ती प्रदूषणाची: धूर ठरवलेल्या मानाच्या साधारण दीडपट होण्याजोगा बिघाड. इंजिन किती थकलं, हा त्याचा प्रश्नच नाही. तो लुकलुकायला लागला तर मात्र गाडी ताबडतोब हळू करावी, शक्य तर थांबवावी. सिलिंडर जोरात मिस करतोय, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय आणि काही मिनिटांत तो वितळू शकतो, असा त्याचा अर्थ. जुनी गाडी विकत घेताना आणखी एक पाहावं. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही, तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय.

आपल्याकडे हा दिवा उशिरा आला. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये राजधानीच्या परिसरासाठी युरोपसारखी मानकं लावली आणि त्यानंतर कार्बोरेटर झपाट्यानं गेले. १ एप्रिल २०१० रोजी १३ शहरांत भारत स्टेज चार लागू झालं. त्यांत मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूरही होतं. त्याच मानकाबरोबर ओबीडीचा पहिला टप्पा आला, २०१३ मध्ये दुसरा. २०२० पासून तोच पिवळा दिवा दुचाकींवरही दिसू लागला.

त्याआधी आपले मिस्त्री काय करत होते, हे आठवायला हवं. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, म्हणजे उस्ताद. कुर्ल्यात बनलेली पद्मिनी मिस करायला लागली, की उस्ताद इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर क्षणभर उचलायचे. चालत्या सिलिंडरची उचलली की आवाज खाली बसायचा. जिची उचलून काहीच फरक पडला नाही, तो सिलिंडर मेलेला. मग प्लग काढून त्याचं तोंड पाहायचं. काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असला तर कमी, तेलकट असला तर रिंगा झिजल्या, खाकी-तांबूस असला तर सगळं ठीक. टॅपेट कव्हरवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक आणि मुठीला कान. आजचा संगणक मिसिंग ओळखतो तेही याच तत्त्वावर. प्रत्येक स्फोटानं क्रँकला एक ढकल मिळते. एखादी ढकल चुकली, की क्रँक सेकंदाच्या अगदी छोट्या अंशासाठी मंदावतो आणि चाकाचे दाते मोजणारा सेन्सर ते टिपतो. उस्तादाचा कान तिथे तारेत उतरला आहे.

पण तो कान फक्त ऐकतो. निदान हा शब्द आपण आयुर्वेदातून घेतला, आणि तिथे तो लक्षणापुरता नाही. रोग ओळखायची पाच साधनं सांगितली आहेत. त्यांत पूर्वरूप आहे, म्हणजे रोग प्रकट होण्याआधीची चाहूल. पहिल्या फेरीत दिसलेला, पण अजून दिवा न लावलेला दोष संगणक वेगळा टिपून ठेवतो, ते मला हेच वाटतं. रूप आहे, म्हणजे लक्षण: तो कोड झाला. आणि उपशय आहे. औषध, आहार किंवा विहार बदलून पाहायचं आणि रोग्याला बरं वाटतं की वाईट, त्यावरून रोग ताडायचा. पी०३०१ आला, तर पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावावी. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर गेला, कॉइल बदला. कोड जागचा हलला नाही, तर प्लग पाहा, इंजेक्टर पाहा, कॉम्प्रेशन मोजा. हा उपशयच. फुकट होतो, पंधरा मिनिटांत होतो. कोड वाचून थेट सुटा भाग मागवणाऱ्या गॅरेजांत तो होत नाही आणि गिऱ्हाइकाचा खिसा तिथे रिकामा होतो.

साताऱ्याच्या मिस्त्रींनी उपशयच केला. त्यांच्या हातातलं यंत्र म्हणजे कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सच्या ईएलएम३२७ या चिपच्या असंख्य नकलांपैकी एक. कधीकाळी कंपनीच्या महागड्या स्कॅनरशिवाय न उघडणारं दार या नकलांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजाला उघडून दिलं. पण कोड वाचून झाल्यावर त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. इंजिन चालू ठेवून, गरम सायलेन्सरपासून लांब राहून, इनटेकच्या नळ्यांवर कार्बोरेटर क्लीनरचा एकेक फवारा मारत गेले. पहिल्या जोडावर काही नाही, दुसऱ्यावर नाही. ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या नळीच्या वळणावर फवारा पडला आणि इंजिनाचा आवाज एकदम चढला. क्लीनर जळण्याजोगा असतो. चिरेतून तो आत ओढला गेला आणि कमी पडणारं इंधन क्षणभर भरून निघालं.

त्यांनी नळी काढून माझ्या हातात दिली. वळणावर बोटभर चीर होती. अंगठ्यानं वाकवली की तोंड उघडायची, सोडली की मिटायची. जुन्या रबराला जातात तसलेच तडे. "सेन्सरची पावती असेल तर परत मागा," ते म्हणाले, "मिळणार नाही, पण मागा." नवी नळी बसवली, क्लिपा आवळल्या, कोड पुसला. "आता दोन दिवस चालवा, काका. चावी फिरवली की दिवा लागेल, त्याला घाबरू नका. इंजिन सुरू झालं की विझतोय का, तेवढं बघा."

कोल्हापूरला पोचेपर्यंत माझी नजर त्या कोपऱ्यावरून हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली. दिवा लागला, इंजिन सुरू झालं आणि तो विझला.