साखळीपासून चादरीपर्यंत

वर्गातील मुलांना एकमेकांचे हात धरून उभे राहायला सांगितले, तर लांबच लांब साखळी तयार होते. पॉलिथिनचा रेणूही असाच असतो. एकवारिक नावाच्या छोट्या रेणूंना जणू दोन हात असतात. ते हातात हात गुंफतात आणि हजारोंची साखळी, म्हणजेच बहुवारिक, बनते. अशा महाकाय रेणूंची कल्पना हर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली, तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांना ती पटली नव्हती. पुढे १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता समजा, प्रत्येकाला तीन हात असते तर? साखळीऐवजी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी विणली जाईल. एका रेणूच्या जाडीची सपाट चादर! ग्राफाइट म्हणजे कार्बन अणूंच्या अशाच चादरींची चळत. मग अशी चादर आपल्याला प्रयोगशाळेत सहज का विणता येऊ नये?

याचे उत्तर जुन्या काळ्या विजेच्या बटणांत सापडते. ती ज्या बेकेलाइटची असत, ते लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये तयार केले. त्यातील फिनॉलच्या रेणूला जोडणीसाठी तीन जागा असतात, तरीही चादर मिळत नाही. रेणू वाटेल त्या दिशेने जोडले जातात आणि सगळ्या बाजूंनी गुंतलेला कठीण गोळा बनतो. साखळीत एखादी कडी वाकडी बसली तरी साखळी साखळीच राहते. जाळीत मात्र एक टाका चुकला की पुढची सगळी वीण बिघडते. म्हणूनच द्विमितीय बहुवारिकांचा इतिहास हा चुका कशा टाळाव्यात, याचा इतिहास आहे.

पहिला उपाय म्हणजे रेणूंना सपाट जागेवर बसवणे. १९३५ मध्ये जेफ्री जी आणि एरिक रिडिअल यांनी पाण्यावर पसरलेल्या एकपदरी थरातच रेणू जोडून पाहिले. सपाटपणा साधला, पण वीण नियमित नव्हती.

दुसरा उपाय चूक दुरुस्त होऊ देण्याचा. ओमर यागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेत तुटू शकणारे आणि पुन्हा जुळू शकणारे बंध वापरले. चुकीचा टाका आपोआप उसवतो, बरोबर टाका टिकतो. त्यामुळे एकावर एक रचलेल्या थरांचे स्फटिक मिळाले. पण जो टाका सहज उसवतो, तो पाण्यानेही उसवतो! यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक युक्ती योजली. आधी उलटसुलट होणाऱ्या अभिक्रियेने जाळी नीट लावून घ्यायची. मग रेणूतल्या रेणूत अशी फेररचना घडते की बंध कायमचा पक्का होतो. हा पदार्थ उकळत्या पाण्यात आणि तीव्र आम्लातही टिकला.

तिसरा उपाय म्हणजे आधी शिस्त, मग जोडणी. त्याच वर्षी झुरिचमध्ये श्लूटर आणि साकामोटो यांच्या गटाने एकवारिकांचे थरांचे स्फटिक बनवले. त्यांवर प्रकाश टाकताच शेजारचे रेणू जागच्या जागी जोडले गेले. मग त्या स्फटिकांच्या चादरी सोलून सुट्या करण्यात आल्या.

२०२२ मध्ये मायकेल स्ट्रानो यांच्या गटाने मॅसॅच्युसेट्समध्ये वेगळीच वाट धरली. नायलॉनमध्ये असतो तसा पक्का अमाइड बंध वापरून द्रावणातच द्विमितीय रेणू वाढवले. त्यांच्यापासून बनलेल्या पापुद्र्याची ताकद पोलादाच्या दुप्पट आणि घनता सुमारे एक षष्ठांश भरली. जो बंध जुळल्यावर मागे फिरत नाही, त्याने चादर विणता येणार नाही, या समजाला त्यामुळे धक्का बसला.

हे वर्गात अनुभवता येईल. पुठ्ठ्याचे तीन हातांचे सारखे तुकडे कापा. एका गटाला ते घाईने डिंकाने चिकटवू द्या, दुसऱ्या गटाला टाचण्यांनी जोडू द्या. कोणाची जाळी नीट जुळते आणि कोणाची ओढल्यावर टिकते, ते पाहा. मग मुलांनाच विचारा: नीटही आणि पक्कीही जाळी हवी असेल, तर काय करावे? शास्त्रज्ञ नेमक्या याच प्रश्नाशी इतकी वर्षे झुंजत आले आहेत.