जर्बिलांचे आकस्मिक मृत्यू : एका विशेषणाचा इतिहास

पाळीव जर्बिलाच्या मृत्यूसंबंधी ‘आकस्मिक’ आणि ‘अज्ञात’ ही दोन विशेषणे बहुधा जोडीने येतात. वस्तुतः त्यांचे अर्थ भिन्न आहेत. पहिले मृत्यूच्या गतीविषयी सांगते, तर दुसरे पाहणाऱ्याच्या ज्ञानाविषयी. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने काय घडते, हे या लहानशा कृंतक प्राण्याच्या इतिहासावरून कळून येते.

‘जर्बिल’ हे नावच उसने आहे. जर्बोआ या उड्या मारणाऱ्या निराळ्या प्राण्याच्या अरबी नावापासून ते फ्रेंचमधून आले. १८६६ मध्ये आर्मां दाव्हिद या धर्मोपदेशकाने उत्तर चीनमधून पॅरिसला नमुने धाडले आणि १८६७ मध्ये मिल्न-एडवर्ड्‌स याने मंगोलियन जर्बिलाचे शास्त्रीय वर्णन केले. १९३५ मध्ये जपानी संशोधकांनी अमूर नदीच्या खोऱ्यातून २० जोड्या पकडल्या. त्यांच्या वंशातील ११ जोड्या १९५४ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर श्वेंटकर यांच्याकडे आल्या. त्यांपैकी अवघ्या ५ माद्या व ४ नर यांच्यापासून तेथील प्रजा वाढली. प्रयोगशाळेतला हा प्राणी पुढे घराघरांत गेला. त्याच्याविषयीचे ज्ञान मात्र बव्हंशी प्रयोगशाळेतच राहिले.

या ज्ञानाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. १९६६ मध्ये लेव्हीन व पायन यांनी जर्बिलाच्या मेंदूवर रक्तपुरवठा खंडित होण्याचे परिणाम अभ्यासले. मेंदूच्या तळाशी असणारे रोहिण्यांचे वर्तुळ या प्राण्यात अपूर्ण असते. म्हणून मानेतील रोहिणी बंद पडल्यास मेंदूला पर्यायी मार्गाने रक्त मिळणे कठीण होते. काही जर्बिलांना साधारण दोन महिन्यांच्या वयापासून, हाताळले असता वा नव्या जागी ठेवले असता, अपस्माराचे झटके येतात. हे दृश्य भयावह खरे. तथापि त्यातून मृत्यू क्वचितच ओढवतो. स्ट्रेप्टोमायसिन हे अन्य प्राण्यांत रूढ असलेले औषध मात्र जर्बिलास विषारी ठरून स्नायू शिथिल करते व काही मिनिटांत प्राण घेऊ शकते. नाव उसने घेतले तर केवळ अर्थाचा घोटाळा होतो. औषध उसने घेतले तर जीव जातो.

सर्वांत महत्त्वाचा टायझर रोग होय. अर्नेस्ट टायझर यांनी १९१७ मध्ये उंदरांत वर्णन केलेला हा जंतुजन्य रोग जर्बिलास विशेषेकरून बाधतो. कित्येकदा मृत्यूपूर्वी लक्षणे दिसतच नाहीत. शवविच्छेदनात यकृतावरील फिकट ठिपके तेवढे साक्ष देतात. जंतूंचे बीजाणू अंथरणातील भुशात दीर्घकाळ टिकतात. जर्बिल जोडीने वा कुटुंबाने राहणारा प्राणी असल्याने एकाचा मृत्यू हा सोबत्यासाठी इशारा असू शकतो. त्यास ‘अज्ञात’ म्हणून पुरून टाकले, की तो इशाराही पुरला जातो.

विच्छेदनानंतरही काही मृत्यूंचा उलगडा होत नाही, हे मान्य केले पाहिजे. ‘अज्ञात’ हे विशेषण त्यांच्यासाठीच राखून ठेवावे. ज्यांची तपासणीच झाली नाही, त्यांच्यासाठी मराठीत ‘अपरीक्षित’ असा नेमका शब्द उपलब्ध आहे. ‘अज्ञात’ या शब्दाने शोध संपल्याचा भास होतो; ‘अपरीक्षित’ म्हटले म्हणजे तो अद्याप सुरू व्हावयाचा आहे, याची आठवण राहते.