माळाचा दाखला

तलाठी म्हणून माझी नोकरी गेली भूम, वाशी, परंडा या बालाघाटाच्या पट्ट्यात. सातबाऱ्यावर पीक येतं, कूळ येतं, सोसायटीचा बोजा येतो, विहीर येते. माळ मात्र येतो तो गायरान म्हणून, नाहीतर पोटखराबा म्हणून. पोटखराबा 'अ', म्हणजे लागवडीला नालायक. मराठवाड्यात जमिनीचं भांडण निघालं की वकील आधी 1954 चं खासरा पत्रक मागतो. त्याच्याही मागे गेलं तर निजामाच्या अमदानीतले उर्दू कागद. सारा कुणी किती भरला ते त्यांत मिळेल. गवत कोणतं होतं ते मिळायचं नाही.

दप्तरच मुकं असल्यावर लोक आपापला इतिहास रचतात. आमच्याकडे ठरलेली गोष्ट अशी, की पूर्वी इथं निबिड अरण्य होतं, माणसानं ते तोडलं, शेळ्या-मेंढ्यांनी उरलंसुरलं खाल्लं आणि माळ उघडा पडला. मग उपायही ठरलेलाच: खड्डे खणा, झाडं लावा.

या गोष्टीला धक्का दिला तो 2025 साली 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानं. वनस्पती-अभ्यासक आशिष नेर्लेकर आणि पुरातत्त्वाचे दिग्विजय पाटील या दोघांनी जुन्या मराठी पोथ्या, चरित्रं, धनगरांच्या ओव्या आणि दैवतकथा चाळल्या. त्यातल्या बऱ्याच ओव्या गुंथर सोंथायमर या जर्मन पंडितानं धनगरवाड्यांवर बसून गोळा केलेल्या. त्या साहित्यात 44 रानवनस्पती सापडल्या आणि त्यांतल्या 27 उघड्या गवताळ, काटेरी रानाच्या. निष्कर्ष असा, की हे माळ निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होते. अभ्यासाचा मुलूख पश्चिम महाराष्ट्राचा आहे, हे खरं. पण सह्याद्रीच्या पाठीमागे तसाच ओढग्रस्तीचा पाऊस, तोच काळा पाषाण, वर वीतभर मुरूम आणि तेच हिवर-बाभळी आमच्याकडेही आहेत. ओवी म्हणणाऱ्याला देवाचं माहात्म्य सांगायचं होतं. झाडाचं नाव ओघात आलं. मला तर असा साक्षीदार पंचनाम्यातल्या पंचांपेक्षा भरवशाचा वाटतो.

आमच्या माळाची जुनी साक्ष अशी ओवीत शोधावी लागते. अलास्कातल्या शास्त्रज्ञांचं नशीब थोर, त्यांना 1940 च्या दशकातली विमानातून काढलेली छायाचित्रं मिळाली. त्याच जागांची नवी छायाचित्रं घेऊन त्यांनी ताडून पाहिली आणि 2001 साली 'नेचर'मध्ये सांगितलं, की टुंड्राच्या उघड्या माळावर झुडपं वाढत चालली आहेत. उत्तरेतली हवा तापते आहे, त्याची ही खूण. बरं, हिरवं वाढलं म्हणून आनंद मानावा, तर तसंही नाही. पांढरं बर्फ ऊन परत फेकतं. त्यातून डोकं वर काढलेल्या काळपट फांद्या ते शोषून घेतात आणि जमीन आणखी तापते. उघड्या रानात झाड आलं म्हणजे भलंच झालं, हा हिशेब तिथंही चुकतो.

आता आमच्या माळावर या. कुसळी गवताचं एक बी चिमटीत धरा आणि त्याच्या काळ्या शेपटाला थोडं पाणी लावा. पीळ सुटतो आणि बी गरगर फिरायला लागतं. वाळलं की परत पीळ बसतो. पहिल्या पावसात याच फिरकीनं बी मुरमात शिरतं. तेच बी दिवाळीनंतर धोतराच्या सोग्यात आणि मेंढीच्या लोकरीत अडकून गावभर हिंडतं. धनगर म्हणूनच कुसळ धरायच्या आत चारून मोकळा होतो. पवन्या, मारवेल वरून चरले, वाळले, वणव्यात जळाले, तरी खाली मुळं जिवंत राहतात. हवेतला कार्बन या गवतांनी त्या मुळांशी, मातीत साठवलेला असतो. दुष्काळात झाड वाळतं, हा साठा सहसा हलत नाही.

याच रानानं उस्मानाबादी शेळी घडवली. काळी, काटक, हिवराच्या-बाभळीच्या शेंगांवर निभावणारी आणि बऱ्याचदा जुळी देणारी. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं, शेळीचं तेच राहिलं. शेजारी सोलापूर जिल्ह्यात नान्नजचा माळढोक पक्षी 1970 च्या दशकात लोकांच्या नजरेत आला आणि 1979 मध्ये अभयारण्य झालं, तेव्हा सरकारी कागदावर गवताला पहिल्यांदा थोडी किंमत आली. ती टिकली नाही. 2019 मध्ये राज्यात 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठरलं, तेव्हा जागा म्हणून आधी आठवला तो माळच. कुठं गिरिपुष्प, कुठं सुबाभूळ. त्यांच्या सावलीत पवन्या टिकत नाही आणि चराई बंद झाली की मेंढरं रस्त्याच्या कडेनं हिंडतात.

झाडाला माझा विरोध नाही. ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा, शाळेत लावा. पण गायरानावर खड्डे घ्यायचा ठराव ग्रामसभेत आला, तर हात वर करण्याआधी गावातल्या शेळ्या-मेंढ्यावाल्यांना सभेला बोलवा आणि तिथं काय काय उगवतं, ते त्यांच्या तोंडून इतिवृत्तात लिहून घ्या.