डब्यावरचा आकडा आणि किडनी

आजचा भाग आईच्या एका वाक्यावरून सुचलाय. आमच्या स्वयंपाकघरात फळीवर माझा व्हे प्रोटीनचा डबा असतो आणि त्याच्याकडे बघून ती वर्षभर म्हणतेय, "किडनी घालवून बसशील एक दिवस." आता हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण माझा मोठा मामा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो आणि बरेचदा आईच त्याच्यासोबत असते. त्यात गेल्या महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं क्रिएटिनिन १.३४ आलं, शेजारी लाल बाण. मग काय, डबा दोन दिवस गायबच झाला.

तर मी जरा मागे जाऊन बघितलं, ही भीती आली कुठून.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी म्युनिकच्या कार्ल फॉन व्हॉइटने सांगितलं होतं की कष्टकरी माणसाला दिवसाला ११८ ग्रॅम प्रोटीन हवं. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या रसेल चिटेंडनला हे पटेना. प्रोटीनमधला नायट्रोजन शेवटी युरिया होऊन किडनीलाच बाहेर टाकावा लागतो, मग तिला जादा पाळी कशाला करायला लावायची, असा त्याचा विचार. त्याने स्वतःवर, सहकाऱ्यांवर, सैनिकांवर आणि खेळाडूंवर प्रयोग केले, प्रोटीन जवळपास निम्म्यावर आणलं आणि १९०४ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की ताकद काही कमी होत नाही. पण नीट बघा, यातून 'कमी खाल्लं तरी चालतं' एवढंच सिद्ध होतं. 'जास्त खाल्लं तर किडनी बिघडते' हे त्याने दाखवलेलंच नव्हतं.

पुढे स्टॅनफर्डच्या थॉमस अ‍ॅडिसने हाच विचार आजारी किडनीला लावला. मुरगळलेल्या पायाला आराम देतो तसा तिला द्या. १९४१ मध्ये शास्त्रज्ञ लायनस पॉलिंगला किडनीचा गंभीर आजार झाला, तेव्हा अ‍ॅडिसने त्याचं प्रोटीन कमी केलं आणि मीठ बंद केलं. पॉलिंग ९३ वर्षांचा होऊन गेला. १९८२ मध्ये बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी त्यामागचं कारण मांडलं: जास्त प्रोटीनने किडनीच्या गाळण्यांवरचा दाब वाढतो, आणि गाळण्या आधीच कमी उरल्या असतील तर त्या लवकर झिजतात. पुरावा मात्र बराचसा उंदरांवरचा होता. माणसांचं चित्र २००३ मध्ये जरा स्पष्ट झालं. अमेरिकेतल्या १,६२४ नर्सेसची ११ वर्षांची माहिती तपासली, तर ज्यांची किडनी आधीच थोडी कमजोर होती त्यांचं जास्त प्रोटीनने नुकसान दिसलं. ज्यांची ठणठणीत होती त्यांचं दिसलं नाही.

म्हणजे मामाच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या तेव्हा आईने त्याच्या डाळीची वाटी लहान केली, ते बरोबरच होतं. माझ्या बाबतीत बहुधा नाही. इथेच मी वाद जिंकून उठणार होतो.

पण मग एक साधा प्रश्न पडला. डब्यावर '२४ ग्रॅम प्रोटीन' लिहितात, ते मोजतात कसं?

१८८३ साली कोपनहेगनमध्ये, कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत योहान केल्डालला धान्यातलं प्रोटीन मोजायचं होतं. त्याने धान्य तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळलं, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजला. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. झालं प्रोटीन! पद्धत स्वस्त आणि भरवशाची, त्यामुळे जगभर रुळली. फक्त ती प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सगळ्यांना माहितीये: टेस्ट पास, फीचर बंद.

ही फट कोणीतरी वापरणारच होतं. मेलामाइन, हो, ज्याच्या प्लेट्स आपल्या प्रत्येक घरात असतात तेच, यात ६६ टक्क्यांहून जास्त नायट्रोजन असतो. एक ग्रॅम मेलामाइन केल्डालच्या चाचणीत चार ग्रॅम प्रोटीन म्हणून पास होतं. २००७ मध्ये ते चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये सापडलं. कुत्र्या-मांजरांच्या किडन्या गेल्या, खाद्य परत मागवलं. धोक्याची घंटा एवढ्या जोरात वाजूनही पुढच्याच वर्षी चीनमध्ये माणसांची पोरं सापडली.

तिथे दूध संकलन केंद्रांवर पाणी घातलेलं दूध चाचणीत पास व्हावं म्हणून मेलामाइन मिसळलं जायचं. ते सानलू कंपनीच्या बाळांच्या दुधाच्या पावडरीत गेलं. लहान बाळांच्या लघवीत युरिक आम्ल जास्त असतं. त्याचे आणि मेलामाइनचे मिळून खडे बनले आणि तान्ह्या मुलांची लघवी अडली. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, ६ दगावली. ऑगस्टमध्ये, बीजिंग ऑलिंपिकच्या दिवसांत, कंपनीला हे कळलेलं होतं. लोकांना कळलं सप्टेंबरमध्ये. मग तपासण्या झाल्या तर एकूण २२ कंपन्यांच्या पावडरीत मेलामाइन निघालं. त्याच महिन्यात भारताने चिनी दुग्धजन्य पदार्थांवर बंदी घातली. २००९ मध्ये दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि ती अमलातही आली. या मुलांना प्रोटीन जास्त झालं नव्हतं हो. त्यांना ते पुरेसं मिळतच नव्हतं.

आपल्या जिमच्या डब्यांत मेलामाइन आहे असं मी म्हणत नाहीये. तिथली चलाखी सौम्य आहे: ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं टाकून नायट्रोजन फुगवायचा. विषारी नाही, पण फसवणूक आहेच. २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला, काहींत तर लिहिलेल्याच्या निम्मंच. १४ टक्क्यांत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन होतं, आणि ते लिव्हरला घातक.

आता माझा लाल बाण. क्रिएटिनिनही असंच आडून मोजणं आहे. ते स्नायूंमधल्या क्रिएटिनपासून बनतं, त्यामुळे स्नायू जास्त असले किंवा क्रिएटिनची पावडर घेत असलो (मी घेत होतो, आईला सांगितलं नव्हतं) तरी ते वाढतं. डॉक्टरांनी क्रिएटिन दोन आठवडे बंद करायला लावलं, मग पुन्हा रक्त, सोबत सिस्टॅटिन सी आणि लघवीतलं अल्ब्युमिन. सगळं नॉर्मल आलं.

रिपोर्ट आईला दाखवला. तिने चष्मा लावून नीट वाचला आणि म्हणाली, "हा तुझा झाला. डब्याचा कुठाय?"

दुसऱ्या दिवशी एका फूड टेस्टिंग लॅबला फोन केला. प्रोटीन टेस्ट करतो म्हणाले. पद्धत कुठली विचारलं तर म्हणाले, केल्डाल. प्रत्येक अमिनो आम्ल वेगळं मोजायचं असेल तर तेही होतं, पण त्याचे पैसे डब्याच्या किमतीपेक्षा जास्त.